फलक आजीला वाचता आला पाहिजे

भीमजयंतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही वस्तीत साखर आणि रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले होते. नाक्यावर दहा बाय सहा फुटांचा मोठा फ्लेक्स लावला होता. आठ दिवस तो तिथे होता. शिबिराच्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याजवळच्या पट्ट्यांपैकी निम्म्याही वापरल्या गेल्या नव्हत्या. आम्ही मनातल्या मनात लोकांनाच दोष दिला. आरोग्याबद्दल जागृतीच नाही, असे म्हणून मोकळे झालो.

दोन महिन्यांनी गल्लीतल्या एका मावशींचा पाय पाहायला बोलावणे आले. अंगठ्याची जखम भरत नव्हती. बोट काळे पडू लागले होते. साखर मोजली तर चारशेच्या वर. आम्ही विचारले, “मावशी, शिबिराला का नाही आलात? फलक तर तुमच्या रोजच्या वाटेवर होता.” मावशी म्हणाल्या, “ताई, मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस हाय. एवढी सगळी माणसं हात जोडून उभी हुती त्याच्यावर.”

घरी येऊन आम्ही मोबाईलमधला त्या फलकाचा फोटो काढून पाहिला. बावीस चेहरे होते. तारीख, वेळ आणि जागा अगदी खाली, दोन बोटांएवढ्या अक्षरांत. मावशींचे बोट पुढे काढावे लागले. त्याला फक्त फलकच जबाबदार होता असे आम्ही म्हणत नाही. मधुमेह आधीपासूनच अंगात होता. पण आठ दिवस त्या ज्या फलकाखालून गेल्या, तो त्यांच्यासाठी लावलेला असूनही त्यांच्याशी बोललाच नाही. ती चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही फलक छापायला देण्याआधी एकच प्रश्न विचारतो. हा कुणी, कुठे उभे राहून वाचायचा आहे? त्याचे उत्तर मिळाले की आकार, अक्षर, कापड की फ्लेक्स, सगळे ठरत जाते. विहारात, मंडळात, महिला गटात जे कुणी शिबिर घेतात त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमचा हा अनुभव इथे मांडत आहोत.

आधी मजकूर, मग आकार

आपण बहुतेक वेळा उलटे करतो. आधी म्हणतो “दहा बाय सहाचा करू”, आणि मग त्यात काय भरायचे ते शोधतो. जागा उरली की फोटो वाढतात. आरोग्याच्या फलकावर पाच गोष्टी पुरतात: कशाची तपासणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, आणि येताना काय आणायचे. शेवटची गोष्ट लोक विसरतात. “उपाशीपोटी या”, “जुने कागद आणा”, “चालू गोळ्या सोबत आणा” एवढे लिहिले नाही तर माणूस येतो आणि परत जातो. परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

मजकूर दुकानात पाठवताना एका कागदावर सुवाच्य लिहून त्याचाही फोटो पाठवा. दुकानातल्या संगणकावर अक्षरांचा साचा वेगळा असतो. मोबाईलवरून पाठवलेला मजकूर तिथे उतरवताना रफार उडतो, जोडाक्षर तुटते, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. एकदा आमचा “रक्तदाब तपासणी”चा फलक “रक्तदान तपासणी” होऊन आला. एका अक्षराचा फरक. पण वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी घेतले ते असे की तिथे रक्त काढून घेतात. निम्मे लोक भीतीने फिरकले नाहीत. म्हणून छपाईआधी दुकानदार जो नमुना पाठवतो तो दोघींनी वाचायचा. एकीने मोठ्याने वाचायचा, दुसरीने मूळ कागदावर बोट ठेवायचे. तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडरवर पाहायचे.

किती अंतरावरून वाचणार?

फलकाच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो. दहा फूट अंतरासाठी एक इंच उंचीचे अक्षर. म्हणजे वीस फुटांवरून वाचायचे असेल तर दोन इंच, चाळीस फुटांवरून चार इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरची मात्रा आणि खालचा उकार त्यात धरायचा नाही. आमचा अनुभव असा की मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसाठी आणि चालता चालता वाचणाऱ्यांसाठी यात दीडपट तरी वाढ करावी.

आता एक उदाहरण घेऊ. नाक्यावर चाळीस फुटांवरून वाचता येईल असा फलक हवा आहे. फलक आठ फूट रुंद धरू, म्हणजे ९६ इंच. दोन्ही कडा सहा-सहा इंच मोकळ्या सोडल्या की ८४ इंच उरतात. मराठी अक्षराची रुंदी साधारण त्याच्या उंचीएवढी धरावी, आणि दोन शब्दांमधली जागा अर्ध्या अक्षराएवढी.

“मोफत साखर तपासणी” यात दहा अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा. म्हणजे अकरा अक्षरांची रुंदी. सात इंची अक्षर घेतले तर ७७ इंच लागतात. बसले. दुसरी ओळ “रविवार, १२ जानेवारी”, तिसरी ओळ “सकाळी ९ ते १, बुद्ध विहार”. या दोन्ही पाच इंची अक्षरांत आरामात बसतात. चौथी ओळ, काय आणायचे ती, तीन इंची. ही ओळ जवळ येऊन वाचली तरी चालते, कारण वरच्या तीन ओळी वाचून माणूस थांबलेला असतो.

उंचीचा हिशेब करताना मात्रा आणि उकार यांची जागा धरावीच लागते. सात इंची अक्षराच्या ओळीला अकरा इंच, पाच इंचीच्या दोन ओळींना आठ-आठ, तीन इंचीच्या ओळीला पाच. एकूण ३२ इंच. वर-खाली मोकळी जागा आणि आयोजकांचे नाव धरून ४८ इंच, म्हणजे चार फूट. फलक झाला आठ बाय चार. दहा बाय सहाची गरज कुठेच पडली नाही.

नमुना आला की एक सोपी परीक्षा घ्या. मोबाईल आडवा धरा, फलकाचे चित्र पूर्ण पडद्यावर आणा आणि हात लांब करून पाहा. आठ फुटांचा फलक चाळीस फुटांवरून जेवढा दिसतो, साधारण तेवढाच तो दोन-सव्वादोन फुटांवर धरलेल्या मोबाईलवर दिसतो. बोटांनी चित्र मोठे करायचे नाही. घरातल्या आजीला जवळचा चष्मा लावून वाचायला सांगा. आजी अडखळली तर दोष आजीचा नाही. मजकूर कमी करा, अक्षर वाढवा.

एक मोठा की अनेक छोटे?

छपाईचा दर चौरस फुटावर असतो. लांबी गुणिले रुंदी एवढेच गणित. दहा बाय सहा म्हणजे ६० चौरस फूट. आठ बाय चार म्हणजे ३२. उरलेल्या २८ चौरस फुटांत दोन बाय दोनचे सात छोटे फलक होतात. म्हणजे त्याच वर्गणीत नाक्यावर एक मोठा आणि सात ठिकाणी सात छोटे.

हे सात कुठे लावायचे ते ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्यांच्या पायवाटेवरून ठरवा. नाक्यावर जास्त वेळ उभे राहतात ते पुरुष. बायका उभ्या राहतात सार्वजनिक नळावर, रेशनच्या रांगेत, अंगणवाडीच्या दारात, शौचालयाच्या रांगेत, गिरणीवर. तिथे अंतर पाच-दहा फुटांचे असते. दोन इंची अक्षर भरपूर झाले. नळावर हंडा भरेपर्यंत बाई तोच फलक तीनदा वाचते. वाचता येत नसेल तर शेजारणीला विचारते. आमच्या शिबिराला गर्दी वाढली ती नाक्यावरच्या फलकाने कमी, नळावरच्या फलकाने जास्त.

दुकानदाराला त्याच्याकडच्या रोलची रुंदी विचारा. आपला आकार त्या रुंदीत बसला तर जोड येत नाही आणि वायाही जात नाही.

रंग

निळा रंग आपला आहे आणि वाचायलाही चांगला आहे. गडद निळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरे लांबून उठून दिसतात. निळ्यावर लाल अक्षर मात्र डोळ्यांत नाचते, आणि संध्याकाळी तर दिसतच नाही. पांढऱ्यावर पिवळे तसेच. अक्षरांच्या मागे फोटो, फुले, सूर्यकिरण टाकू नका. अक्षराला सावली, चकाकी, नक्षी नको. कुंचल्याने ओढल्यासारखे वळणदार अक्षर लग्नपत्रिकेत शोभते, पण लांबून त्यात “ध” आणि “घ” सारखेच दिसतात.

कापड, फ्लेक्स की पुठ्ठा?

ज्याला आपण फ्लेक्स म्हणतो ते पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसी प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड. पावसात टिकते, स्वस्त पडते, एका तासात छापून मिळते. साधा फ्लेक्स पातळ असतो आणि मागून ऊन आले की आरपार दिसतो, अक्षरे फिकट वाटतात. ज्याच्या मागे उघडे आकाश आहे अशा जागी मागून काळा असलेला फ्लेक्स घ्यावा. स्टार फ्लेक्स थोडा जाड आणि गुळगुळीत असतो, तो वर्षभर वापरायचा असेल तरच परवडतो. १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर बंदी आहे, हेही दुकानदाराला विचारून घ्या.

एका दिवसाच्या शिबिराला कापडी फलक उत्तम. पेंटरकडून रंगवून घेतला तर वस्तीतल्याच माणसाला काम मिळते, आणि नंतर त्याच्या पिशव्या शिवता येतात. विहाराच्या आत, टेबलाजवळ लावायला सनबोर्डवर चिकटवलेला फलक किंवा उभा स्टँडी बरा. स्टँडी साधारण सहा फूट उंच आणि अडीच-तीन फूट रुंद असतो. तो उघड्यावर ठेवू नका, वाऱ्याने पडतो आणि लहान मुलांना लागतो. घरोघरच्या निरोपासाठी कागदच बरा.

आमची सगळ्यात चांगली युक्ती मात्र वेगळीच. आता आम्ही फलकावर तारीख छापतच नाही. “मोफत आरोग्य तपासणी, बुद्ध विहार” एवढे कायमचे छापले आहे आणि खाली दोन ओळींची पांढरी जागा सोडली आहे. प्रत्येक वेळी दिवस, वेळ आणि तपासणीचे नाव कागदावर जाड लिहून तिथे चिकटवतो. एकच फलक दोन वर्षे चालला. वाचलेल्या वर्गणीतून साखर मोजायच्या पट्ट्या आल्या.

चेहऱ्यांचे काय करायचे?

हा नाजूक विषय आहे. वर्गणी देणाऱ्याला वाटते आपला फोटो यावा. त्यात गैर काही नाही. पण आरोग्याच्या फलकावर प्रत्येक चेहरा एकेका ओळीची जागा खातो. आम्ही आता देणगीदारांची नावे शिबिराच्या जागी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लावतो आणि सुरुवातीला वाचून दाखवतो. एक-दोघे रुसले. पुढच्या शिबिरात त्यांच्याच आईची साखर सापडली, तेव्हा तेच फलक बांधायला शिडी घेऊन आले.

तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमाही आम्ही अशा तात्पुरत्या फलकावर छापत नाही. कार्यक्रम संपला की तो फ्लेक्स कुठे जातो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वाऱ्याने फाटतो, गटारात पडतो, पायाखाली येतो. मग मन दुखावते, कधी वस्तीत तणाव होतो. प्रतिमा शिबिराच्या टेबलामागे चौकटीत, फुलांसह ठेवावी. तिथे तिचा मान राहतो.

बांधताना जीव सांभाळा

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. तो १२० बाय १२० फुटांचा होता. आपला फलक छोटा असतो, पण वारा तोच असतो. आठ बाय चारचा फ्लेक्स ३२ चौरस फुटांचे शीड होतो. कडेला दर दोन फुटांवर धातूच्या रिंगा मारून घ्या, दुकानदार त्यांना आयलेट म्हणतो. चारही कोपरे आणि मधल्या रिंगा सुतळीने बांधा. रस्त्यावर आडवा, लोकांच्या डोक्यावरून बांधू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत असाच एक लग्नाचा फलक स्कूटरवरच्या तरुण मुलीवर पडला, ती खाली कोसळली आणि मागून येणाऱ्या टँकरखाली गेली.

विजेचा खांब, तारा आणि रोहित्र यांच्याजवळ फलक बांधूच नये. लोखंडी चौकट किंवा ओला बांबू तारेला टेकला की झाले. जयंतीच्या घाईत रात्री पोरे वर चढतात तेव्हा मोठ्या माणसाने खाली उभे राहिलेच पाहिजे. कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल आणि घरगुती वायर असेल, तरच कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. रस्त्यावरची तार असेल तर लांब राहा, वीज कंपनीला कळवून वीज बंद झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. १०८ ला फोन करा. वीज बंद झाल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच, कारण विजेने हृदयाची लय बिघडते.

रस्त्यावर फलक लावायला पालिकेची परवानगी लागते. विनापरवाना फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने कडक आदेश दिलेले आहेत. आमचे बहुतेक फलक विहाराच्या भिंतीवर किंवा कुणाच्या तरी घरावर, मालकाला विचारून लागतात. तेव्हा एक पाहा: खिडकी झाकली जाते का? दहा बाय बाराच्या खोलीला एकच खिडकी असते. तिथून येणारी हवा आणि ऊन हे क्षयरोगापासूनचे संरक्षण आहे. आरोग्याचा फलक लावून कुणाच्या घराची हवा अडवायची, हे बरे नव्हे.

शिबिर संपल्यावर

फ्लेक्स उतरवण्याचा दिवस आणि माणूस लावतानाच ठरवा. उतरवलेला फ्लेक्स जाळू नका. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो. त्याच धुरात डायॉक्सिन हे विष असते. ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठते आणि कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. चूल पेटवायला फ्लेक्सचा तुकडा घालणाऱ्या बायांना हे कुणी सांगितलेले नसते.

पावसाळ्यात छपरावर फ्लेक्स घालतात. ती गरज आहे, आम्ही नाही म्हणणार नाही. पण तो ताणून, उतार देऊन बांधा. मधे झोळ पडला की पाणी साचते, आणि डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला तयार होतो. आठवड्यातून एकदा काठीने झोळातले पाणी उडवा. चुलीच्या वर फ्लेक्स येऊ देऊ नका. त्यावर पापड, कुरड्या, मिरच्या वाळवू नका. प्लॅस्टिक मऊ ठेवायला त्यात जी रसायने घालतात ती उन्हात तापून अन्नात उतरू शकतात.

त्या मावशी आता आमच्यासोबत असतात. काठी टेकत येतात. नमुना आला की आम्ही मोबाईल त्यांच्यापुढे हात लांब करून धरतो. त्या एकेक अक्षर लावत वाचतात, “मो-फ-त… सा-ख-र…”. त्यांनी दिवस, वेळ आणि जागा तोंडाने सांगितल्याशिवाय फलक छपाईला जात नाही. तुमच्या वस्तीतही अशी एखादी मावशी शोधा आणि पुढचा फलक आधी तिला दाखवा.